जागल्या कापड आणि दसऱ्याची हळद

ऐन दसऱ्याच्या सकाळी वैजयंती सातपुते पुरणयंत्रातून चक्का काढत होती, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात एक पोतं येऊन आदळलं. पोत्यामागे तिचा नवरा दिगंबर, आणि नवऱ्यामागे सह्यकडा गिरिमंडळाचे सचिव उरणे. दोघांची तोंडं बघून वैजयंतीला वाटलं, कुणी गेलं की काय.

"सगळी बाद झाली वहिनी," उरणे म्हणाले.

"काय सगळी?"

"हार्नेस. मंडळात आहेत तेवढी सगळी. आज सकाळी नियमाप्रमाणे जांभळा दिवा मारला, तर दिवाळी असल्यागत उजळतंय. एक पण वस्तू पास नाही. रविवारी वाघजाईच्या सुळक्यावर चढाई आहे, आणि तुमचं कापड म्हणतंय सगळं तुटलंय."

तुमचं कापड. सगळं सुरळीत असलं की ते 'आपल्या इचलकरंजीचं कापड' असायचं, वर्तमानपत्रात फोटो येताना तर उरणे स्वतःच विणत असल्यासारखे पुढे उभे राहायचे. बिघडलं की ते 'वहिनींचं'.

वैजयंतीनं हात पुसले, पोत्यातून एक हार्नेस काढलं. गिर्यारोहक कमरेला आणि मांड्यांना बांधतात तो पट्टा. नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

"ह्याला हळद कुणी लावली?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काल खंडेनवमी होती," दिगंबर म्हणाला. "हत्यारांची पूजा नको करायला? वर्षभर जीव ह्याच्यावर टांगायचा, आणि नवमीला साधं हळदकुंकू नाही? तुमच्या मिलमध्ये मागांना लावत नाहीस काय?"

"माग लोखंडाचे असतात, अहो."

"आता हळदीनं काय होतंय? जखमेला लावतो, पोटात घेतो."

"पोटात घ्या, कपाळाला लावा, आंघोळ करा हळदीनं. माझ्या कापडाला कशाला लावलीत?"

उरणेंनी खालच्या आवाजात आणखी एक बातमी दिली. हळदीचा संशय त्यांनाही आला होता, म्हणून चार पट्टे त्यांनी कपड्यांच्या साबणानं घासले. तर पट्ट्यांना रक्त आलं. वैजयंतीनं कपाळाला हात लावला. साबणानं हळद लाल होते हे ज्या माणसाला पन्नाशीपर्यंत कळलं नाही, त्याच्या हाती मंडळाचं सचिवपद होतं. चक्का तसाच टाकून ती उठली. सण गेला चुलीत.

जागल्या कापडाची गोष्ट थोडक्यात सांगायची तर अशी आहे. डोंगर चढणाऱ्याचा खरा वैरी त्याच्या पाठीवर असतो, आणि त्याचं नाव वजन. म्हणून पूर्वीचं जाडंभरडं कॅनव्हास गेलं आणि नायलॉन आलं. त्यात बारीक चौकड्यांनी जाड धागा घालायची युक्ती आली, म्हणजे फाटलं तर चौकडीपाशी थांबावं. मग नायलॉनही जड वाटायला लागलं, आणि पॉलिथिनचा धागा आला. भाजीची पिशवी ज्याची असते तेच पॉलिथिन, फक्त त्याचे रेणू भलतेच लांब, आणि ओढून ओढून सगळे एका दिशेला सरळ केलेले. तोळ्याला तोळा लावला तर हा धागा पोलादाला हरवतो, आणि पाण्यावर तरंगतो. असल्या धाग्याचं हार्नेस घडी करून मुठीत मावतं.

पण ह्या पातळ कापडाची एक वाईट खोड होती. जाड कापड मरताना सांगून मरतं. सुतं निघतात, रंग विटतो, शिवण उसवते. हे पातळ कापड काही सांगत नाही. आतले अर्धे धागे तुटले तरी वरून कोरं करकरीत दिसतं, आणि एक दिवस ऐन कड्यावर सुटतं. अशा सुटण्यात माणसं गेली, देशोदेशी गेली. त्यावर वैजयंतीनं उपाय काढला. धाग्यांवर जो पापुद्रा दाबून बसवतात, त्यात तिनं एका पदार्थाचे कण पेरले. ह्या पदार्थाचे रेणू जोडीजोडीनं घट्ट चिकटलेले असतात, आणि जोडी शाबूत आहे तोवर दिवा मारला तरी काळे राहतात. खाली धागा तुटला, कापड हद्दीबाहेर ताणलं गेलं, की जोडी फुटते आणि दोन्ही रेणू जांभळ्या दिव्याखाली पिवळेहिरवे चमकायला लागतात. फुटलेली जोडी पुन्हा जुळत नाही. गावात रात्रभर जागून राखण करणारा जागल्या असायचा, त्याचं नाव मिलच्या मालकांनी कापडाला दिलं, आणि ते चाललं.

पिवळाहिरवा रंग का, तर माणसाच्या डोळ्याला तोच सगळ्यात लवकर दिसतो. आणि जांभळ्या दिव्याखाली हुबेहूब तसंच चमकणारी दुसरी वस्तू म्हणजे हळद. आख्ख्या जगात वैजयंतीच्या कापडाची तपासणी अशी कुणी बाद केली नव्हती. जपान्यांनी नाही, स्विसांनी नाही. त्यासाठी सह्यकडा गिरिमंडळच जन्माला यावं लागलं.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं, पण कापडामागोमाग विमा कंपन्या आल्या. त्यांनी नियम काढला, की चढाईआधी प्रत्येक वस्तूवर दिवा मारायचा, आणि दिवा जे बघेल ते आपोआप कंपनीला कळेल. पट्टा उजळला म्हणजे पट्टेवाला पडला. म्हणजे पट्टा बाद, आणि माणूसही तीन महिने बाद, डॉक्टरचा दाखला मिळेपर्यंत. वैजयंतीनं बनवलं होतं कापडाचं दुखणं सांगणारं कापड. कंपनीनं त्याला माणसांवर चुगल्या करायला बसवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं ती मिलमध्ये येताजाता म्हणायची.

तरी घरात तिचंही वेगळं काही चाललं नव्हतं. तिची लेक शाल्मली मंडळातली सगळ्यात चांगली चढणारी. सुट्टी आली की पाठीला सॅक. ती डोंगरातून परतली की वैजयंती दारातच स्वतःचा छोटा, कंपनीला न जोडलेला जांभळा दिवा घेऊन उभी. आधी जॅकेट, मग सॅक, मग बूट. सगळं काळं निघालं की तिचा जीव भांड्यात पडायचा. रविवारी वाघजाईच्या सुळक्यावर शाल्मलीच पुढे चढणार होती, आणि तिचाही पट्टा ह्या पोत्यात होता.

"वहिनी, तुम्ही कंपनीला एक निरोप टाका," उरणे म्हणाले. "कापड बनवणारीच म्हणते म्हटल्यावर ते ऐकतात. सगळी हळदच आहे, असं कळवा. रविवारपर्यंत मोकळे होऊ."

"सगळी हळदच आहे हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"मग दुसरं काय असणार?"

"तेच बघायचंय. आत खरोखर तुटलेलं एखादं असलं, तर ते ह्या हळदीत दिसणार आहे का? पिवळ्यात पिवळं. मी डोळे मिटून हो म्हणायचं, आणि रविवारी कुणाची तरी आई माझ्या दारात."

"तू पण नेहमी टोकाचंच बोल," दिगंबर म्हणाला.

"टोकाला तुम्ही जाता. मी खाली उभी राहून बोलते."

उपाय सोपा होता. हळदीचा डाग उन्हाला टिकत नाही. वरणाचा डाग पडलेली साडी दिवसभर वाळत घातली की डाग उडतो, हे घराघरात माहीत आहे. जागल्याचे रेणू मात्र उन्हाला भीक घालत नाहीत, त्यासाठी वैजयंतीनं तीन उन्हाळे घालवले होते. ऊन खाऊन जे विझेल ती हळद, जे उरेल ते खरं. तिनं उरणेंना साबणाला हात लावायचा नाही अशी तंबी देऊन घरी पाठवलं, आणि गच्चीवर चादरी अंथरून पट्टे मांडले, पापड वाळत घालावेत तसे एकेक सुटे. घरात श्रीखंड अर्धवट, दारावर तोरण नाही, आणि गच्चीवर हा बाजार.

दिगंबरचा पाय मात्र घरात ठरेना. दहा मिनिटं झाली की वर, पट्ट्यांकडे बघायचा, खाली यायचा. पुन्हा वर.

"किती वेळ ठेवायचंय?"

"दुपार कलेपर्यंत."

"लई ऊन आहे. एवढं कशाला? झालं असेल की."

"तुम्हाला काय घाई आहे?"

"मला कसली घाई?" तो म्हणाला, आणि घाईनं खाली गेला.

जेवणाच्या वेळेला शाल्मली आली. मंडळाच्या खोलीवर शिधा बांधायला गेली होती. जिन्यातूनच तिला चादरी दिसल्या आणि ती वरच्या पायरीवर थांबली.

"आई, पट्टे उन्हात ठेवायचे नाहीत असं तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

"वर्षानुवर्षं ठेवायचे नाहीत. एका दिवसानं काही होत नाही."

"माझा देऊन टाक. मी पुसते ओल्या फडक्यानं."

"राहू दे तिथंच. एकानं पुसला की सगळ्यांना आपापला पुसायचा असतो. तुमच्या मंडळाला पूजा करता येत नाही, पुसता तरी काय येणार? आणि तुला कधीपासून पूजेचा पुळका? दसऱ्याला बारा वाजेपर्यंत झोपणारी पोरगी तू. पप्पा सांगत होते, काल वाटी हातात घेऊन सगळ्या पट्ट्यांना हळद तूच लावलीस म्हणून."

"लावली. सण होता," शाल्मली म्हणाली आणि खाली गेली. जेवताना वैजयंतीनं बापलेकीच्या पानांत श्रीखंड वाढलं आणि दोघांनी ते औषधासारखं खाल्लं. तिला वाटलं, आपण उरणेंना बोललो त्याचा राग आलाय. येऊ दे. रागाचा पट्टा करून तर कुणी कड्यावर चढत नाही.

ऊन उतरायला लागलं तशी तिनं पट्टे गोळा केले आणि जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत नेले. दार लावून घेतलं, जांभळा दिवा पेटवला. पहिला पट्टा काळा. दुसरा काळा, शिवणीत कुठं तरी हळदीची एक फिकट रेघ, तीही मेल्यातच जमा. तिसरा, चौथा. उरणेंनी रक्त काढलेले सुद्धा काळे. तिच्या तोंडावर हसू आलं. मनातल्या मनात तिनं कंपनीला निरोपही लिहून टाकला, की सगळी हळदच होती.

मग तो पट्टा हातात आला. पोटापाशी जे कापडी कडं असतं, ज्यात दोर अडकवतात आणि सगळा जीव ज्याच्यावर असतो, त्या कड्यावर आडवी रेघ होती. बारीक, सरळ, आणि अशी लखलखीत, की तिच्या बोटांवर उजेड पडला. डाव्या मांडीच्या पट्ट्यावर तशीच दुसरी. वैजयंतीनं अंगठ्यानं पुसलं. पुसून जाणार नाही हे ठाऊक असूनही पुन्हा पुसलं. मग पट्टा उलटा केला, नाव बघायला. नाव नव्हतं. निळ्या दोऱ्याचे दोन टाके होते, आणि ते तिनंच घातले होते, मंडळाच्या ढिगात लेकीचा पट्टा चटकन सापडावा म्हणून.

तिनं दिवा विझवला. मग दार उघडलं. दिगंबर बाहेरच होता. खाई त्याला खवखवे.

"कधी?" तिनं विचारलं.

तो नाही म्हणाला नाही, हे एक बरं केलं. "गणपती गेल्यावर. सुळक्यावर चढायची वाट शोधायला गेलो होतो, आम्ही दोघंच."

"तुम्ही मला म्हणालात पन्हाळ्याला मीटिंग आहे."

"म्हणालो."

"दोर कुणी धरला होता?"

"मीच की. दुसरं कोण होतं तिथं? तिचा पाय सुटला, दोर अडकवलेला वरचा खिळा निघाला, चांगली तीन पुरुष उंची खाली आली. मी धरला, वैजू. हातमोजा जळाला, पण धरला."

"आणि घरी येऊन माझ्यासमोर बसून पिठलंभाकरी खाल्लीत."

"तिनं शपथ घातली होती. आणि तुला सांगून काय झालं असतं? तू तोच पट्टा दिव्याखाली धरला असतास. तीन महिने पोरगी घरात. पावसाळाभर मंडळाच्या चढाईच्या भिंतीवर तिनं हाताची सालटी काढली ती ह्या एका सुळक्यासाठी."

"मग तिला तुटक्या पट्ट्यावर चढवायची? त्या हळदीखाली काय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही उरणेंना घेऊन माझ्या दारात आलात? सगळी हळदच आहे असं माझ्या तोंडून वदवून घ्यायला?"

"मी तिला माझा पट्टा देणार होतो. सुळक्याच्या पायथ्याशी पोचल्यावर, चढायच्या आधी बदलला असता. शपथेवर सांगतो."

"तुमच्या घरात शपथा फार झाल्या," वैजयंती म्हणाली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावणार कुणाला? तिनं मिलच्या पिशवीतून कात्री काढली. साध्या कात्रीला हा धागा दाद देत नाही, निसटतो. त्याला पात्यांना बारीक दात असलेली कात्री लागते. ती आणि पट्टा घेऊन ती गच्चीवर गेली.

शाल्मली कठड्याला टेकून उभी होती. आईच्या हातात काय आहे ते तिनं पाहिलं.

"पप्पांनी सांगितलं?"

"पप्पा कशाला सांगतील? ते तुझ्या पार्टीचे. कापडानं सांगितलं."

"हो. तेच सांगतं तुला सगळं."

"उलट बोलू नकोस. ह्याच्यावर लोंबकळणार होतीस रविवारी?"

"टिकला असता, आई. दोनच तर रेघा आहेत."

"कुणी सांगितलं टिकला असता? मी बनवलाय तो, आणि मला सांगता येत नाही. अर्धा तुटलाय की पाव तुटलाय, पुढचा झटका सोसेल की नाही, हे जगात कुणाला सांगता येत नाही. म्हणून तर हा दिवा. आणि तू त्याच्यावर वाटीभर हळद ओतलीस. सगळ्या मंडळाच्या पट्ट्यांवर ओतलीस, तुझा एक झाकायला. दुसऱ्या कुणाचा तुटलेला असता तर?"

शाल्मलीनं नजर शेजारच्या गच्चीवरच्या टाकीकडे वळवली. मग म्हणाली, "तो विचार केला नव्हता मी."

"केला नव्हतास."

"नाही केला. चुकलं ते. पण दुसरं काय करायचं होतं मी? मंडळाच्या दिव्याखाली धरला की कंपनीला कळणार. हंगाम गेला असता माझा."

"आता पण गेला." वैजयंतीनं पट्टा कठड्यावर ठेवला आणि कापडी कडं कात्रीत धरलं. बाद झालेली वस्तू गिर्यारोहक कापून टाकतात, चुकून कुणाच्या हाती लागू नये म्हणून. धागा करकरला, दोनदा निसटला, मग तुटला. मांडीचे पट्टेही तिनं कापले. शाल्मलीनं अडवलं नाही.

"उरणेंना मी आज सांगणार आहे," वैजयंती म्हणाली. "बाकीचे सगळे पास, एक बाद. आणि कुणाचा तेही सांगणार."

"माहितीये."

"रड, भांड, काय करायचं ते कर. मी सांगणार."

"माहितीये म्हटलं ना."

कापलेले तुकडे गोळा करताना मांडीचा पट्टा पुन्हा वैजयंतीच्या हातात आला. तीन पुरुष खाली. सगळा झटका ह्या दोन बोटं रुंद कापडावर आला होता, आणि त्या कापडाच्या आत मांडी होती. सकाळपासून ती कापडाबद्दल बोलत होती. नवऱ्याशी बोलली, उरणेंशी बोलली, लेकीशी बोलली.

"शालू," तिनं विचारलं, "लागलं कुठं तुला?"

शाल्मलीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिनं तयार ठेवली होती आणि हा प्रश्न तेवढा धरलाच नव्हता. ती कठड्यावरून बाजूला झाली आणि चादरीवर बसली. बसताना डावा पाय आधी लांब केला, मग हाताचा आधार घेऊन हळूहळू खाली टेकली. जिन्याच्या वरच्या पायरीवर दुपारी ती थांबली होती, ती दुखलं म्हणून थांबली असणार, हे वैजयंतीला आत्ता कळलं.

"इथं," शाल्मली म्हणाली, आणि कमरेखाली हात ठेवला. "आणि इथं, बरगडीत. झोपताना ह्या कुशीवर वळता येत नाही. पप्पांना पण नाही सांगितलं. त्यांनी तर मग पाठवलंच नसतं."

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून."

"आणि मला एका शब्दानं नाही? एका घरात राहतो आपण, शालू. वैताग आहे नुसता. एका घरात."

"त्या दिवशी सांगणारच होते," शाल्मली म्हणाली. तिचा आवाज आता भांडणाचा नव्हता. "जिना चढता येत नव्हता, एकेक पायरी चढत होते, आणि काय बोलायचं ते मनात घोकत होते. तू दारात दिवा घेऊन उभी होतीस. हार्नेस मंडळाच्या खोलीवरच होतं. तू जॅकेट बघितलंस, सॅक बघितलीस, बूट बघितलेस. सगळं काळं निघालं. मग म्हणालीस, काही झालेलं नाही, हात धू आणि जेवायला बस."

वैजयंती तो दिवस आठवायचा प्रयत्न करत राहिली. आठवेना. असे दिवस पुष्कळ होते.

"मग मी हात धुतले," शाल्मली म्हणाली, "आणि जेवायला बसले."